कॉम्प्युटर म्हणतो पाणी आहे, मग माझा बोअर कोरडा का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की भूजलाचं कॉम्प्युटर मॉडेल बोअरचा पॉइंट दाखवायला नसतंच मुळी, आणि त्या एका वाक्यावरून इतकी पत्रं नि व्हॉट्सअॅप आलेत की बागेच्या खारट पाण्याबद्दल या वेळी लिहीन म्हटलं होतं ते पुढच्या अंकात ढकलतेय, रागावू नका. पत्रं थोडी छाटलीत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

निफाड तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार: ताई, नमस्कार. गावात मीटिंग झाली, पडद्यावर नकाशा दाखवला, आमचा पाणलोट हिरवा, म्हणजे सुरक्षित. मी त्याच हिरव्यात राहतो. दोन वर्षांत तीन बोअर मारले, शेवटचा साडेचारशे फूट, नुसता धुरळा निघाला. बांधाला लागून शेजाऱ्याची विहीर आहे, तिला मेपर्यंत पाणी. आता खोटं कोण बोलतंय, कॉम्प्युटर का साहेब?

भाऊ, दोघंही खोटं बोलत नाहीयेत, तुम्ही विचारलं एक आणि नकाशाने सांगितलं दुसरंच. राज्यात दीड हजारांवर पाणलोट पाडलेत, प्रत्येकाचा हिशेब होतो. जमिनीत मुरलेल्या पाण्यापैकी जेवढं काढता येण्यासारखं आहे त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असला की सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभरच्या वर गेला की अतिशोषित. आकडा अख्ख्या पाणलोटाचा. विकास सोसायटीत एकूण ठेवी किती हे कळलं म्हणून आपल्या पासबुकात काय आहे ते थोडंच कळतं.

आणि हा तर नुसता ताळेबंद झाला, खरंखुरं मॉडेल असतं तरी तुमच्या बोअरचं काही सांगता आलं नसतं. मॉडेल म्हणजे काय, तर नकाशावर ग्राफ पेपर ठेवायचा, प्रत्येक चौकोन ही एक टाकी समजायची, शेजारच्या टाक्यांना पाइपने जोडलेली, आणि कुठल्या टाकीत किती पाणी वरून पडतं, किती उपसतात, किती शेजारी सरकतं हे कॉम्प्युटरने दिवसामागून दिवस मोजत बसायचं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीचं मॉडेल अमेरिकेच्या यूएसजीएसने, म्हणजे त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, २००९ मध्ये बाहेर काढलं, भरपूर नावाजलेलं काम आहे ते, आणि त्यातला एकेक चौकोन एक चौरस मैलाचा आहे. म्हणजे ६४० एकर! तेवढ्या जागेत कॉम्प्युटरच्या लेखी पाण्याची पातळी एकच. तुमच्या शिवारात ६४० एकरांत किती जणांच्या बागा आहेत आणि त्यातल्या किती विहिरींची पातळी सारखी आहे, तुम्हीच सांगा.

तिकडे निदान खाली शेकडो फूट वाळू आणि माती आहे. आपल्याकडे लाव्हाचे थर, पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक, प्रत्येक थराचं वरचं अंग फुग्याफुग्यांचं, झिजलेलं, पाणी धरणारं, आणि खालचं अंग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांमध्ये, भेग सापडली तर सापडली. शेजाऱ्याच्या विहिरीचं तोंड वीस-पंचवीस फुटांचं असेल, वरच्या मुरमातून आणि झिजलेल्या खडकातून चहूबाजूंनी पाझर येतो, वर त्यांनी आत आडवे बोअरही मारले असतील. तुमचा बोअर साडेसहा इंची, आणि वरच्या मुरमात जे काय पाणी होतं ते केसिंग पाइप उतरवून तुम्हीच बाहेर ठेवलंत, मग खाली पाषाणात भेग नाही भेटली, झाला धुरळा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या पुढे गेलेल्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय, साडेचारशे फूट म्हणजे तुम्ही १३७ मीटर गेलात. चौथा मारायच्या आधी, तुमची जुनी विहीर असेल तर तेच पैसे तिच्यातला गाळ काढायला घाला असं माझं मत आहे, पटलं तर बघा.

नाशिकरोडहून एक विद्यार्थी: मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला थर्ड इयरला आहे, मूळ गाव चांदवडजवळ. फायनल इयरला गावाच्या पाण्याचं मॉडेल करायचंय. मॉडफ्लो हे भूजलाच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलंय, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून रन पण होतं, पण आकडे कुठून आणायचे तेच कळत नाही. विहिरीच्या पातळ्या मिळाल्या तर एआयने बाकीचं जुळवता येईल ना?

अरे, जुळवता येईल, आणि तिथेच तू फसशील. मॉडफ्लो यूएसजीएसने १९८४ मध्ये पहिल्यांदा दिलं, फुकट आहे, आणि आज जगभर भूजलवाले तेच वापरतात. आत जादू काही नाही. १८५६ मध्ये हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दिजॉं शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या कामात वाळूने भरलेल्या नळीतून पाणी सोडून बघितलं आणि नियम मांडला, की पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त, वाट जितकी मोकळी आणि अंतर जितकं कमी, तितकं पाणी जास्त सरकतं. बस, तोच नियम लाखो चौकोनांवर लावायचा.

रन करण्याआधी एक गंमत करून बघ. एक्सेल उघड, वीस बाय वीस चौकोन घे, डाव्या कडेच्या सगळ्या चौकोनांत ६०० लिही, उजव्या कडेला ५८०, वरच्या आणि खालच्या कडेला त्या त्या कडेतला आतला चौकोन जसाच्या तसा कॉपी कर, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात फॉर्म्युला टाक, वरचा अधिक खालचा अधिक डावा अधिक उजवा भागिले चार. सेटिंगमध्ये जाऊन आयटरेटिव्ह कॅल्क्युलेशन ऑन कर आणि एफ नाइन दाबत राहा. आकडे हळूहळू स्थिर होतील, डावीकडून उजवीकडे सरळ उतार. हे झालं तुझं पहिलं भूजल मॉडेल, एकसारखा खडक, पाऊस नाही, उपसा नाही. मग मधल्या एका चौकोनातल्या फॉर्म्युल्यातून थोडं वजा कर, म्हणजे तिथे मोटर चालू केलीस. खड्डा कसा पसरतो आणि कुठवर जातो ते डोळ्यांनी दिसेल. मी माझ्या हाताखालच्या पोरांना आधी हे करायला लावायचे, लायसन्सवाली सॉफ्टवेअरं नंतर.

आता फसण्याचं सांगते. समज, तू पावसातलं वर्षाला ५० मिलिमीटर पाणी मुरतं असं धरलंस आणि खडकाची पाणी वाहून न्यायची क्षमता अमुक एक धरलीस, कॉम्प्युटरने पातळ्या काढल्या, गावातल्या विहिरींशी तंतोतंत जुळल्या. टाळ्या. आता मुरणारं पाणी दुप्पट कर, १०० मिलिमीटर, आणि खडकाची क्षमताही दुप्पट कर. पातळ्या त्याच येतील! जेवढं जास्त आलं तेवढं जास्त वाहून गेलं, विहिरीत फरक शून्य. एकात गावाला दुप्पट पाणी, एकात निम्मं, आणि दोन्ही मॉडेलं "बरोबर". एआयला हा फरक कुठून कळणार, त्याला तू फक्त पातळ्याच दिल्यास ना. हे फोडायचं असेल तर वाहतं पाणी मोजावं लागतं. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, नाल्यात जे पाणी चालू असतं ते वरचं नाही, जमिनीतून पाझरून आलेलं असतं, ते सेकंदाला किती लिटर आहे हे मोज, दोन मॉडेलांपैकी एक गळून पडेल. म्हणून पायथॉन राहू दे बाजूला, आधी गुडघाभर पाण्यात उभा राहा.

दुसरं असं की जमिनीखालचं चित्र आधी डोक्यात लागतं, कॉम्प्युटरमध्ये नंतर. माझीच फजिती सांगते. बागलाणच्या बाजूला एका पाणलोटाचं मॉडेल करत होतो, दोन विहिरी, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, आणि पातळीत पंचवीसेक फुटांचा फरक. मॉडेल काही केल्या तो फरक दाखवेना, ते आपलं दोन्हीकडे सारखं करून टाकायचं. मी आठवडेच्या आठवडे आकडे खालीवर केले, शेवटी अशी एक किंमत बसवली की फरक आला, पण ती किंमत खडकाला शोभेल अशी नव्हतीच. पुढच्या फेरीत दुपारी डबा खायला नेहमीच्या जागी बसलो, शेताच्या मधून गेलेली काळ्या दगडांची सरळ रांग, आणि घास तोंडात असतानाच लक्षात आलं की आपण बसलोय तोच डाइक आहे. लाव्हा भेगेतून उभा वर येऊन थिजला की जमिनीत अशी भिंत तयार होते, अलीकडचं पाणी पलीकडे जाऊ देत नाही. चार वेळा तिथे बसून जेवलो होतो आम्ही! मॉडेलमध्ये एक भिंत घातली, झालं. तर प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात लॅपटॉप घरी ठेव आणि शिवार चाल, प्रत्येक विहिरीत वाकून कुठला थर कुठे लागलाय ते वहीत काढ.

देवळा तालुक्यातून एक सरपंच ताई: आमच्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडलाय, भिंतीवर रंगवून पण घेतला. माझा प्रश्न साधा आहे, जेवढं मुरतं तेवढंच उपसलं तर खाली काही कमी होणार नाही, बरोबर ना? लोकांना तेच समजावून सांगतेय. पण एक म्हातारे रोज म्हणतात, तुमचा हिशेब बरोबर असेल पण नाला आटला त्याचं काय.

ताई, त्या बाबांना माझा नमस्कार सांगा, या अंकातला सगळ्यात नेमका मुद्दा त्यांचा आहे.

असं बघा, गावात एकही विहीर नव्हती तेव्हाही पाऊस मुरतच होता. मग ते पाणी साठत साठत वर का नाही आलं? कारण तेवढंच कुठेतरी निघूनही जात होतं, नाल्याला, झऱ्याला, नदीकाठच्या जांभळा-उंबराच्या मुळांना. मुरणाऱ्या पाण्याला आधीच गिऱ्हाईक होतं. आपण विहीर खणली म्हणजे नवीन पाणी तयार झालं नाही, कुणाच्या तरी वाट्याचं आपण घेतलं. चार्ल्स थाईस नावाच्या अमेरिकन भूजलतज्ज्ञाने १९४० मध्ये हेच लिहून ठेवलंय, की उपसलेलं पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकतं, साठ्यातून, वाढलेल्या मुरण्यातून किंवा बाहेर पडणाऱ्या पाण्यात काटछाट होऊन. पुढे मोठमोठ्या भागांची मॉडेलं झाली त्यांनीही फिरून फिरून हेच दाखवलं. म्हणजे मुरतं तेवढं सगळं उपसलंत तर साठा कदाचित टिकेल, पण तो नाला मरणारच. भिंतीवरच्या ताळेबंदात नाल्याचा रकाना आहे का बघा, बहुतेक ठिकाणी नसतो.

यात आणखी एक गोम आहे, वेळेची. नाल्याला लागून असलेल्या विहिरीचा परिणाम त्याच हंगामात कळतो, लांबच्या विहिरीचा कळायला वर्षं जातात. मोटर सुरू झाली की आधी जवळचा साठा वापरला जातो, खड्डा पसरत पसरत नाल्यापर्यंत जातो आणि मग नाला कमी होतो. तोवर सगळे म्हणतात, बघा, इतकी वर्षं उपसतोय, काही झालं का? आणि उलटंही तेवढंच खरं, आज सगळ्या मोटरी बंद केल्या म्हणून पुढच्या पोळ्याला नाला खळखळेल असं समजू नका.

अमेरिकेत ओगल्लाला म्हणून भूजलाचा प्रचंड साठा आहे, आठ राज्यांखाली पसरलेला. मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू झाल्यापासून २०१५ पर्यंत सरासरी पातळी साधारण १६ फूट उतरली. ऐकायला काहीच वाटत नाही. पण टेक्सासच्या वाट्याला त्याच्या दुपटीहून जास्त घट आलीय आणि वर नेब्रास्कात सरासरी जवळपास आहे तिथेच आहे. तुमच्या ताळेबंदातही वरची वाडी आणि खालचं गावठाण एकाच बेरजेत आहेत ना? वेगळे करा, भांडणं होतील पण करा.

आता शेततळ्यांचं, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय की बोअरच्या पाण्याने शेततळी भरतात त्यावर माझं मत काय. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरलं तर शेततळं चांगलंच, पण आपल्याकडे खाली प्लास्टिक अंथरायचं आणि बोअरच्या पाण्याने भरून ठेवायचं हे चाललंय. मला यावर मत विचारलंत म्हणून गणित करते, मत तुमचं तुम्ही बनवा. आपल्या झिजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हाच्या काळ्या पाषाणातून, उपसता येईल असं पाणी खडकाच्या साधारण २ टक्के धरतात. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्याखालची पातळी एक मीटर उतरली तर हाती आलं साधारण ८१ हजार लिटर, दहा हजारी टँकर आठ. नदीकाठच्या वाळूत हेच १६ टक्के धरतात, म्हणजे तिथे आठाऐवजी पासष्ट टँकर निघाले असते, आपला खडक असा कंजूष आहे. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, तिरक्या भिंतींचं शेततळं भरायला साधारण २० लाख लिटर लागतं. भागून बघा, एक तळं भरलं की पंचवीस एकरांखालची पातळी मीटरभर खाली. मालकाची जमीन पाच एकर, वीस एकर दुसऱ्यांच्या! आणि उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर जरी वाफ झाली तरी भरल्या तळ्यातून रोजचे सहा हजार लिटर आकाशात. जमिनीखाली होतं तेव्हा झाकलेलं तरी होतं.

आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात हिवरे बाजारने ताळेबंद मांडला तो भिंतीवर रंगवण्यापुरता नाही मांडला, पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पिकं ठरवायची, शेतीला बोअर बंद. कॉम्प्युटर नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पण तुमच्या नाल्याचं उत्तर हवं असेल तर मात्र मॉडेल उपयोगी पडतं, कारण तिथे "विहिरी नसत्या तर" असं करून बघता येतं, जे प्रत्यक्षात कुणालाच करता येत नाही.

पाथर्डी फाट्याहून एका सोसायटीचे सेक्रेटरी: एका कन्सल्टंटने सॅटेलाइट आणि थ्रीडी मॉडेल वापरून आमच्या प्लॉटचा रंगीत रिपोर्ट दिला, ९५ टक्के अचूकतेची हमी, पॉइंट पण मार्क केलाय. फी बरीच मागतोय. द्यावी का?

नको. भूजल मोजणारे ग्रेस उपग्रह २००२ मध्ये सोडले, ते २०१७ पर्यंत पृथ्वीच्या ओढीतला बारीक फरक टिपायचे, त्यांनी राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली मिळून २००२ ते २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचं दाखवलं, फार मोठं काम होतं ते. पण अशा उपग्रहांना एकदम शेकडो किलोमीटरचा पट्टा दिसतो. तुमचा पार्किंगचा कोपरा त्यांना दिसत नाही हो. राहता राहिला रंगीत नकाशा, तर त्या कन्सल्टंटला एकच विचारा, हा नकाशा किती विहिरींच्या मोजलेल्या पातळ्यांवरून काढला? पाच-सहा म्हणाला तर मधले सगळे रंग कॉम्प्युटरने अंदाजाने भरलेत. कॉम्प्युटरला रिकामी जागा सोडता येत नाही, भरतोच. सुटीत रांगोळीच्या ठिपक्यांवर शेंबडं पोरही रंग भरतं. त्याच पैशात गच्चीवरचं पाणी फिल्टर करून बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडायची सोय बघा.

गोविंदनगरहून एक वाचक: यूट्यूबवर पाहिलं, बोअरमुळे अमेरिकेत जमीन वीस-पंचवीस फूट खचली. आमची बारा मजली बिल्डिंग आहे, धोका आहे का?

व्हिडिओ खरा आहे. कॅलिफोर्नियात मेंडोटाजवळ १९२५ ते १९७७ मध्ये जमीन जवळजवळ २८ फूट खाली बसली. पण ती खाली चिकणमातीचे जाड थर होते म्हणून, पाणी गेलं आणि माती दबली. आपल्याखाली कातळ आहे, तो असा दबत नाही. झोपा निवांत.

पंचवटीतून एक निवृत्त शिक्षिका: २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलेलं पाहिलं आणि पोटात कालवलं. लहानपणी आम्ही ऐकायचो की गोदेच्या पात्रात जिवंत झरे आहेत. आता सिंहस्थ आलाय, पुन्हा पात्रातलं काँक्रीट काढा-राहू द्या असा वाद चाललाय. कॉम्प्युटरवर करून बघता येणार नाही का की काँक्रीट काढलं तर झरे परत येतील?

बाई, करून बघता येईल, पण नदी कशी दाखवायची याच्यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे भले भले घसरलेत. मॉडेलमध्ये नदी म्हणजे बहुतेक वेळा एक ठरलेली पातळी. तेवढं लिहिलं की कॉम्प्युटर समजतो, इथे पाण्याला तोटा नाही. मग काठावर शंभर मोटरी लावा, नदी त्यांना पुरवत राहते, पातळी उतरत नाही, रिपोर्टात लिहिलं जातं की या भागात उपशाला भरपूर वाव आहे. म्हणजे २०१६ चा एप्रिल त्या मॉडेलमध्ये कधी उजाडलाच नसता. आपली गोदावरी तर गंगापूर धरणातून सोडलं तर वाहणार. तेव्हा आधी नदीच्या कडेला आणि पात्राखाली खरंच किती पाणी येतं-जातं ते मोजायला हवं.

आता झऱ्यांचं. काँक्रीट हे झाकण आहे, झाकण काढलं तर पाण्याला वाट मिळेल हे खरं. पण झरा वाहायला दोन्ही काठांखालची भूजल पातळी पात्रापेक्षा उंच लागते. ती नसेल तर त्याच वाटेने उलटं होईल, नदीचं पाणी खाली जाईल. म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत आणि दोघांनाही काठावरच्या विहिरींची पातळी ठाऊक नाही. पंचवटीत जुन्या वाड्यांमध्ये आड आहेत ना अजून? ज्यांचे बुजवलेले नाहीत त्यांची पातळी पात्राच्या तुलनेत काढली तर निम्मा वाद तिथेच मिटेल. तुमच्या वाड्यातला आड उघडा असेल तर मला कळवा, मी येते.

येवल्याहून एक वाचक, जरा चिडून: भूजलवाल्यांनी सांगितलेल्या जागी पाणी लागलं नाही, पाणाड्याने तळहातावर नारळ धरून दाखवलेल्या जागी लागलं. तुमचं मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवरचा नारळच की!

चिमटा लागला, कबूल. आमच्यातल्या काहींनी मॉडेल विकलंय ते नारळासारखंच विकलंय. पण एक फरक आहे, पाणाड्याचे चुकलेले पॉइंट कुणी वहीत लिहून ठेवत नाही, मॉडेलला मात्र पकडता येतं. अमेरिकेत अॅरिझोनात फीनिक्सकडच्या खोऱ्याचं एक मॉडेल १९६० च्या दशकात केलं होतं, तेव्हा कॉम्प्युटर आजच्यासारखे नव्हते म्हणून विजेच्या सर्किटवर, रेझिस्टर म्हणजे खडक, कपॅसिटर म्हणजे साठा. चाळीस वर्षांच्या नोंदींशी जुळवलेलं, म्हणजे एकदम पक्कं. त्यावरून पुढची दहा वर्षं सांगितली. नंतर लिओनार्ड कॉनिको या अमेरिकन भूजलतज्ज्ञाने १९८६ मध्ये ते भाकीत प्रत्यक्ष विहिरींशी ताडून बघितलं तर पाणी सांगितलं होतं तितकं उतरलंच नव्हतं. लोक किती उपसतील याचा अंदाज चुकला हे एक कारण, पण तेवढ्याने हिशेब लागेना, जमिनीखालचं चित्रच अपुरं होतं. आपलीच बिरादरी चुकली हे त्याने छापून सांगितलं, पुढे जॉन ब्रेडेहॉफ्ट या दुसऱ्या भूजलतज्ज्ञाबरोबर १९९२ मध्ये असंही लिहिलं की भूजल मॉडेल "खरं ठरलं" असं कधी म्हणताच येत नाही, फार तर अजून खोटं ठरलेलं नाही. नारळवाल्याकडून असं पत्रक आलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि पाणाड्याला जागा विचारतात, ठीक आहे, पण गावात आणखी वीस बोअर झाले तर खालच्या वस्तीच्या नळपाणी योजनेच्या विहिरीचं काय होईल हे कुणी विचारतं का? मॉडेलला ते विचारायचं. तिथेही आकडा तंतोतंत येत नाही, पण वीस बोअर नदीकडे घेतले तर जास्त नुकसान की टेकडीकडे, असं तुलना करून विचारलं तर उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं येतं.

सिन्नरहून एक तरुण शेतकरी: मॅडम, मॉडेलला विहिरीच्या नोंदी लागतात असं तुम्ही लिहिता. सरकारी निरीक्षण विहीर आमच्यापासून लांब आहे आणि वर्षातून चारदाच मोजतात. मी माझी मोजली तर चालेल का? कशी मोजायची?

चालेल काय, धावेल. मॉडेलवाल्याला सगळ्यात मोठी बोंब असते ती पातळीची आणि त्याहून उपशाची, कारण शेतातल्या मोटरीला पाण्याचं मीटर नसतं, मग आम्ही पीक बघून नाहीतर वीज बघून अंदाज करतो.

पोलादी टेप घ्यायची, प्लास्टिकची नको, ती ताणते. टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या चार-पाच फुटांना शाळेतला खडू चोळायचा. कठड्यावर एका जागी ऑइल पेंटने खूण कर, दर वेळी तिथूनच. अंदाजाने टेप पाण्यात बुडेपर्यंत सोड आणि खुणेशी पूर्ण फुटाचा आकडा धर, समज ४० फूट. वर ओढून बघ खडू कुठवर भिजलाय, समज ३ फूट ४ इंच. वजा केलं की ३६ फूट ८ इंच, ही पातळी. सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी मोजायची, आणि रात्री थ्री फेज असेल तर त्या आठवड्यात मोटर किमान दहा-बारा तास बंद असेल असा दिवस बघ, नाहीतर तू विहिरीची नाही, मोटरीची पातळी मोजशील. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखा. शेजाऱ्याची मोटर चालू होती का तेही लिही.

उपशासाठी दोनशे लिटरचा ड्रम घे, पाइपखाली ठेव आणि मोबाइलवर सेकंद मोज. चाळीस सेकंदांत भरला तर सेकंदाला पाच लिटर, तासाला १८ हजार. मग रोज मोटर किती तास चालली एवढंच वहीत. मोटर ऑटोवर टाकून झोपत असशील तर तास कसे कळणार, स्टार्टरजवळ एक साधं तास मोजायचं मीटर बसवून घे, मोटर भरणाऱ्याकडे चौकशी कर.

आणि विहिरीत वाकायच्या आधी शर्टाच्या खिशातला मोबाइल काढून ठेव. माझा एक कळवणच्या विहिरीत आहे, ३१ फुटांवर.